पीसीआरचा बँड काय सांगतो आणि काय सांगत नाही: मर्यादा ओळखून प्रयोग कसा लावावा

डाळिंबाच्या पानातून काढलेला डीएनए होता. ट्यूबच्या तळाशी बसलेला गोळा पांढरा दिसायला हवा, तो कोऱ्या चहासारखा तपकिरी दिसत होता. तेल्या रोगाचा जिवाणू पानात आहे का, एवढंच पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, पाहायचं होतं. जेलवर (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे होऊन पट्टे, म्हणजे बँड, दिसतात तो थर) आकार मोजायचं लॅडर स्वच्छ उमटलं, जिवाणूचा डीएनए मुद्दाम घातलेल्या पॉझिटिव्ह कंट्रोलचा बँड ठसठशीत आला आणि नमुन्यांच्या आठही लेन कोऱ्या राहिल्या. विद्यार्थिनीने वहीत लिहिलं, ‘सर्व नमुने निगेटिव्ह’. मी तिला म्हटलं, तोच डीएनए पन्नास पट पातळ कर आणि उद्या पुन्हा लाव. दुसऱ्या दिवशी आठपैकी पाच लेनमध्ये बँड होता.

ती रोपवाटिकेतली रोपं होती. पहिल्या जेलवर विसंबलो असतो तर ती निरोगी म्हणून कुणाच्या तरी शेतात गेली असती, आणि बागेत तेल्या शिरला की शेतकऱ्याचं काय होतं हे डाळिंब पिकवणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून हा लेख. पीसीआर लावायला दोन दिवसांत शिकता येतं. तो कुठे चुकतो हे मात्र सहसा कुणी बसवून शिकवत नाही. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणाऱ्यांना आणि निदानाच्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून, ज्या क्रमाने काम होतं त्याच क्रमाने लिहितो.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

पॉलिमरेझ चेन रिॲक्शनची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचली आणि १९९३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तत्त्व साधं आहे. ९५ अंशांना डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या करायच्या, ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान दोन प्रायमर (हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटू द्यायचे, ७२ अंशांना पॉलिमरेझ या एन्झाईमने नवी साखळी विणायची. एका सायकलला दुप्पट. ३० सायकलींत एका प्रतीच्या १०७ कोटी प्रती.

हे सगळं सुरळीत झालं तर. ‘जिवाणू आहे का?’ हा प्रश्न आपल्या मनात असतो. ट्यूबला विचारला जाणारा प्रश्न फार वेगळा आणि फार लांब आहे: या दोन प्रायमरना चिकटता येईल असा, मध्ये न तुटलेला, पॉलिमरेझला झेपेल इतक्या लांबीचा तुकडा मी घातलेल्या दोन मायक्रोलिटरमध्ये होता का, आणि बाकीच्या रसायनांनी विणकाम अडवलं नाही ना? या वाक्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे पीसीआरची एकेक मर्यादा.

पहिली पायरी: नमुन्याचा हिशेब कागदावर मांडा

समजा १०० मिलिग्रॅम पान घेतलं, डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवला आणि त्यातला २ मायक्रोलिटर ट्यूबमध्ये घातला. म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही २ मिलिग्रॅम पान तपासलं. उरलेलं ९८ टक्के पान फ्रीजरमध्ये आहे.

आता ट्यूबमध्ये सरासरी एकच प्रत पोचेल अशी स्थिती धरा. सरासरी एक याचा अर्थ प्रत्येक ट्यूबमध्ये एक असा होत नाही. पॉयसाँच्या नियमाने अशा सुमारे ३७ टक्के ट्यूब रिकाम्या राहतात. सरासरी तीन प्रती असल्या तर रिकाम्या ट्यूब ५ टक्क्यांवर येतात. म्हणून कितीही उत्तम किट असलं तरी एका ट्यूबमध्ये सरासरी तीन प्रतींच्या खाली खात्रीने काही सांगता येत नाही. वरच्या उदाहरणात, डीएनए काढताना एकही पेशी वाया गेली नाही असं धरलं तरी, १०० मिलिग्रॅम पानात दीडशेपेक्षा कमी जिवाणू असतील तर पीसीआर त्यांना हुकवू लागतो. प्रत्यक्षात डीएनए काढताना बरंच वाया जातं, त्यामुळे आकडा यापेक्षा मोठाच धरा.

यावर उपाय म्हणजे एकाच नमुन्याच्या तीन-चार ट्यूब लावा, झाडावरची पानं वेगवेगळ्या फांद्यांवरून घ्या आणि डाग असेल तर डागाच्या कडेचा भाग घ्या. चारपैकी एकाच ट्यूबमध्ये बँड आला तर तो लगेच ‘चुकून आला’ म्हणून सोडून देऊ नका. कमी प्रती असल्या की तसंच दिसतं. पण तो संसर्गाने, म्हणजे बाहेरून आलेल्या डीएनएनेही येऊ शकतो. हे कसं ओळखायचं ते पुढे येतं.

माणसाच्या डीएनएवर काम करणाऱ्यांनी एक आकडा पाठ करावा: १० नॅनोग्रॅम मानवी डीएनए म्हणजे जनुकसंचाच्या साधारण ३००० प्रती. त्यात हजारात एक असं उत्परिवर्तन शोधत असाल तर तुमच्या हाती तीनच रेणू आहेत. यंत्र कितीही महागडं असो, चौथा रेणू ते निर्माण करू शकत नाही.

दुसरी पायरी: प्रायमर

पीसीआरला दोन्ही टोकांचा क्रम आधीच माहीत असावा लागतो. जे माहीत नाही ते तो शोधून देत नाही. ही सगळ्यात मूलभूत मर्यादा आहे, आणि प्रायमर विकत मिळत असल्यामुळे तीच सगळ्यात आधी विसरली जाते.

आता याचीच पुढची बाजू. प्रायमर जिथे चिकटतो तिथला क्रम बदलला तर जंतू हजर असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. २००६ साली स्वीडनच्या हालांड भागात क्लॅमिडियाचे रुग्ण अनपेक्षितपणे कमी दिसू लागले. रोग कमी झाला नव्हता. जिवाणूच्या प्लाझ्मिडमधला (मुख्य जनुकसंचाबाहेरच्या छोट्या गोल डीएनएमधला) ३७७ बेसचा, म्हणजे डीएनएच्या ३७७ अक्षरांचा, तुकडा गळालेला एक प्रकार पसरत होता, आणि त्या वेळच्या काही व्यापारी चाचण्या नेमका तोच तुकडा शोधत होत्या. २०२१च्या अखेरीस ओमिक्रॉन आला तेव्हा काही किटमध्ये तीनपैकी दोन जनुकं पॉझिटिव्ह आणि एस जनुक गायब असं चित्र दिसायचं, कारण स्पाइकमधली ६९-७० ही दोन स्थानं त्या विषाणूत गळाली होती. तिथे तीन लक्ष्यं होती म्हणून रुग्ण हुकला नाही, उलट नव्या प्रकाराचा सुगावा लागला. धडा तोच घ्या: निदानासाठी प्रायमरची एकच जोडी कधीही पुरेशी समजू नका.

प्रायमर निवडताना १८ ते २५ बेस, जी आणि सीचं प्रमाण ४० ते ६० टक्के, दोन्हींच्या वितळणबिंदूत दोन-तीन अंशांहून जास्त फरक नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मी त्याहून जास्त वेळ तीन-प्राइम टोकावर, म्हणजे जिथून विणकाम सुरू होतं त्या टोकावर, घालवतो. शेवटचे पाच बेस एकमेकांना पूरक असतील तर प्रायमर एकमेकांवरच विणले जातात आणि जेलच्या तळाशी ५० बेसच्या आसपास धूसर पट्टा दिसतो, तो प्रायमर-डायमर. शेवटचा बेस जिथे चिकटतो तिथे ज्ञात फरक असेल तर ती जागा सोडून द्या. प्रायमर कुठे कुठे चिकटेल हे दाखवणाऱ्या प्रायमर-ब्लास्टवर तपासताना फक्त जंतूचा क्रम घालू नका, यजमान झाडाचा किंवा प्राण्याचाही घाला. कुठलाही जिवाणू ओळखायला वापरतात ते १६एस जनुकाचे सार्वत्रिक प्रायमर पानावर लावले की जिवाणूऐवजी हरितलवकाचाच डीएनए वाढतो. पॉलिमरेझ स्वतः जिवाणूत बनवलेलं असतं आणि त्याच्या सोबत त्या जिवाणूच्या डीएनएचा अंश येऊ शकतो, त्यामुळे या प्रायमरना निव्वळ पाण्याच्या ट्यूबमध्येही फिका बँड दिसू शकतो.

तिसरी पायरी: अडथळे आणणारी रसायनं

डाळिंबाच्या पानात पॉलिफेनॉल भरपूर. तो तपकिरी गोळा त्यांचाच होता. रक्तात हिमोग्लोबिन, मातीत ह्युमिक आम्ल, विष्ठेत पित्तक्षार, बहुतेक झाडांत पॉलिसॅकराइड. हे सगळे पॉलिमरेझला किंवा त्याला लागणाऱ्या मॅग्नेशियमला गुंतवून ठेवतात. यांखेरीज आपण स्वतः घातलेलं असतंच: नीट न वाळवलेलं इथेनॉल, फिनॉल, एसडीएस, किटमधलं ग्वानिडीन.

रक्ताचा नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच मागवा. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये हेपारिन असतं, ते डीएनएसोबत शेवटपर्यंत येतं आणि पीसीआर बंद पाडतं. रुग्णाला पुन्हा सुई टोचण्यापेक्षा आधीच एक फोन करून सांगितलेलं बरं.

मॅग्नेशियमचा हिशेब एकदा करून बघा. मास्टरमिक्समध्ये (नमुना सोडून बाकी सगळं असलेल्या मिश्रणात) १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम आहे. चारही डीएनटीपी (नव्या साखळीचा कच्चा माल) ०.२ प्रमाणे, म्हणजे एकूण ०.८, तेवढं मॅग्नेशियम त्यांनी धरून ठेवलं. उरलं ०.७. डीएनए १ मिलिमोलर ईडीटीए असलेल्या टीई बफरमध्ये विरघळवला आणि २५ मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये ५ मायक्रोलिटर घातला, की आणखी ०.२ गेलं. मोकळं राहिलं ०.५. ‘काल चालला होता, आज चालत नाही’ असं म्हणत अनेकजण प्रायमर बदलत बसतात, आणि कारण इथे असतं. डीएनए पाण्यात किंवा ०.१ मिलिमोलर ईडीटीएच्या बफरमध्ये ठेवा.

अडथळा आहे का हे ओळखायची पद्धत अशी. मूळ डीएनए, दहा पट पातळ आणि पन्नास पट पातळ अशा तीन ट्यूब शेजारी शेजारी लावा. पातळ ट्यूबमध्ये बँड जास्त ठळक आला तर अडथळा नक्की. प्रती वाढत असतानाच मोजणारा रिअल-टाइम पीसीआर असेल तर दहा पट पातळ केल्यावर सीटी (ज्या सायकलीला संकेत दिसू लागतो तो आकडा) सुमारे ३.३ सायकलींनी पुढे जायला हवा; तो तेवढ्याच ठिकाणी राहिला किंवा मागे आला तर मूळ नमुन्यात अडथळा आहे. डीएनएची शुद्धता मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्रावर २६०/२८० हा आकडा १.८च्या जवळ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, २६०/२३० पाहा. तो २च्या बराच खाली असेल तर ग्वानिडीन, फिनॉल किंवा कर्बोदकं शिल्लक आहेत.

पातळ केल्याने अडथळा उतरतो, पण लक्ष्याच्या प्रतीही तेवढ्याच उतरतात. पहिल्या पायरीतला हिशेब आठवा: मुळात ट्यूबमध्ये वीस प्रती असतील तर पन्नास पट पातळ केल्यावर सरासरी अर्धी प्रतही उरत नाही, म्हणजे बहुतेक ट्यूब रिकाम्या. आमच्या त्या आठपैकी कोऱ्या राहिलेल्या तीन नमुन्यांबद्दल मी म्हणूनच काही बोललो नाही. ते पुन्हा सीटॅब बफरने काढले, त्यात पीव्हीपी २ टक्के आणि मर्कॅप्टोइथेनॉल घातलं, शेवटी कॉलममधून गाळले. या वेळी गोळा पांढरा होता. मास्टरमिक्समध्ये बीएसए हे प्रथिन ०.२ ते ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर घातल्यानेही बराच फरक पडतो आणि ते स्वस्त आहे.

अंतर्गत कंट्रोल, म्हणजे नमुन्याच्याच ट्यूबमध्ये हमखास दिसायला हवा असा दुसरा डीएनए, हवाच. पण झाडाचं हरितलवकातलं जनुक कंट्रोल म्हणून घेतलंत तर फसाल. त्याच्या प्रती हजारोंनी असतात, त्यामुळे मध्यम अडथळ्यातही तो बँड दिमाखात येतो, आणि जिवाणूच्या वीस प्रती मात्र गाडल्या जातात. त्यापेक्षा नमुन्यात बाहेरचा, ठाऊक असलेला डीएनए मोजून ५० ते १०० प्रती घाला. तो दिसला तर ट्यूब खरंच काम करते आहे.

चौथी पायरी: नको असलेला डीएनए

ज्या ताकदीसाठी पीसीआर वापरतो तीच इथे उलटते. ५० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये ५०० बेसचं उत्पादन १ मायक्रोग्रॅम तयार झालं, तर त्यात सुमारे १.८ लाख कोटी प्रती असतात. झाकण उघडताना एका मायक्रोलिटरचा दहा लाखावा भाग जरी हवेत उडाला, तरी त्यात ३६ हजार प्रती. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

१९९४ साली अमेरिकेतल्या युटामध्ये, कोळशाच्या खाणीत सापडलेल्या सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडांतून डायनोसॉरचा डीएनए मिळाल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी इतरांनी दाखवून दिलं, की तो क्रम माणसाच्या केंद्रकात अडकलेल्या मायटोकाँड्रियासारख्या तुकड्याचा होता. मोठ्या विज्ञान-मासिकापर्यंत पोचलेली ही चूक आहे. आपल्या टेबलावर ती होणार नाही असं कुणी समजू नये.

मी ज्या प्रयोगशाळेत शिकलो तिथे एकदा पाण्याच्या ट्यूबमध्ये सतत बँड येत होता. आम्ही प्रायमर टाकून नवे मागवले, पाणी बदललं, एन्झाईम बदललं. शेवटी सापडला तो जेलवर नमुने भरायला वापरलेला आणि नंतर कुणीतरी मास्टरमिक्सच्या टेबलावर आणून ठेवलेला पिपेट. तीन आठवडे गेले. त्यानंतर मी जे पाळतो ते असं: मास्टरमिक्स एका जागी, टेम्प्लेट (नमुन्याचा डीएनए) दुसऱ्या जागी, जेल तिसऱ्या खोलीत, तिन्हीकडे वेगळे पिपेट, वेगळा ॲप्रन. एकदा जेलच्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी मास्टरमिक्स करायला परत येत नाही. फिल्टर टिप. अभिकर्मकं लहान लहान वाट्यांत विभागून ठेवायची, म्हणजे एक वाटी बिघडली तर बाकीची वाचतात. टेबल १० टक्के ब्लीचने पुसायचं, कारण अल्कोहोल डीएनए नष्ट करत नाही. मात्र ग्वानिडीन असलेल्या किटच्या सांडलेल्या बफरवर ब्लीच अजिबात ओतू नका, विषारी वायू निघतो.

रोज तोच तुकडा वाढवणाऱ्या प्रयोगशाळेने डीटीटीपीऐवजी डीयूटीपी आणि सोबत यूएनजी एन्झाईम वापरावं. मागच्या उत्पादनात युरॅसिल असतो, तो नव्या सायकली सुरू होण्याआधीच कापला जातो. पण जुन्या पद्धतीने तयार झालेलं उत्पादन हवेत असेल, तर हा उपाय त्याला हात लावत नाही.

दर बॅचला दोन निगेटिव्ह ट्यूब ठेवा. एकीत टेम्प्लेटऐवजी पाणी. दुसरीत डीएनए काढायच्या पहिल्या टप्प्यापासून नेलेला कोरा नमुना, ज्यात पान नाही पण बाकी सगळं आहे. पहिली स्वच्छ आणि दुसरी दूषित, म्हणजे बिघाड डीएनए काढण्यात झाला. दोन्ही दूषित, म्हणजे मास्टरमिक्सपाशी शोधा. निगेटिव्हमध्ये बँड आला की ती अख्खी बॅच रद्द. ‘फिका आहे, चालेल’ असं म्हणू नका.

पाचवी पायरी: अवघड तुकडे

टॅक हे नेहमीचं पॉलिमरेझ तीन-चार हजार बेसपर्यंत सुखाने जातं, त्यापुढे अडखळतं. १९९४ साली वेन बार्न्स यांनी त्यात दुरुस्ती करणारं दुसरं पॉलिमरेझ थोडंसं मिसळून ३५ हजार बेसपर्यंत मजल मारली. आजची ‘लाँग’ किटं त्याच वाटेने जातात. पण टेम्प्लेटच तुटकं असेल तर एन्झाईम काय करणार? फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीसाठी दीडशे-दोनशे बेसच्या आतलाच तुकडा निवडा.

जी-सी जास्त असलेले भाग गाठी मारून बसतात. डीएमएसओ ५ टक्के किंवा बीटेन १ मोलर घालून पाहा. डीएमएसओ घातलं की ॲनीलिंगचं, म्हणजे प्रायमर चिकटायचं, तापमान दोन-तीन अंश उतरवा. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारात सीजीजीची पुनरावृत्ती २०० पार गेली की साधा पीसीआर बहुधा काहीच दाखवत नाही, आणि वाहक स्त्रीमध्ये निरोगी प्रतीचा एकच बँड दिसून सगळं ठीक असल्याचा भास होतो. तिथे सदर्न ब्लॉट किंवा त्रिक-प्रायमर पद्धतच लागते.

नको ते बँड आले तर आधी ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी तापमानं) लावून ॲनीलिंगचं तापमान वाढवा, गरम झाल्यावरच काम सुरू करणारं हॉट-स्टार्ट एन्झाईम घ्या. सायकली वाढवणं हा उपाय नाही. ३५च्या पुढे मुख्यतः कचराच वाढतो.

सहावी पायरी: चुका, आणि प्रमाण

टॅकला चुकलेला बेस खोडता येत नाही. साधारण ५० हजार बेसमागे एक चूक धरा. १००० बेसचा तुकडा २५ वेळा दुप्पट केला, तर प्रत्येक रेणूत सरासरी अर्धी चूक, म्हणजे १००पैकी जवळजवळ ४० रेणूंत निदान एक चूक. उत्पादन थेट सँगर सिक्वेन्सिंगला पाठवत असाल तर फारसं बिघडत नाही, चुका विखुरलेल्या असतात. क्लोनिंग करत असाल तर मात्र तुम्ही त्यातला एकच रेणू उचलता. तिथे पीएफयूसारखं दुरुस्ती करणारं एन्झाईम वापरा, टेम्प्लेट जास्त घालून सायकली कमी करा, आणि दोन-तीन क्लोन सिक्वेन्स केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रमाणाबद्दल थोडक्यात. जेलवरचा जाड बँड म्हणजे जास्त जिवाणू, असं नाही. शेवटच्या सायकलींत सगळ्या ट्यूब एकाच पातळीला जाऊन थांबतात. शिवाय दर सायकलला दुपटीऐवजी १.८ पट वाढ झाली, तर ३० सायकलींअखेर १०७ कोटींऐवजी साडेचार कोटीच प्रती होतात. प्रमाण हवंच असेल तर रिअल-टाइम लावा आणि दर बॅचला, प्रती ठाऊक असलेल्या नमुन्यांवरून, प्रमाण-वक्र काढा. त्याचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ यांच्या बाहेर गेला तर आकडे देऊ नका.

सातवी पायरी: जिवंत की मेलेला

डीएनए जंतूनंतरही उरतो. क्षयरोगात सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट ही पीसीआरवरची चाचणी निदानासाठी उत्तम आहे, पण उपचार लागू पडतोय का हे पाहायला थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चर यांचाच आधार घेतात, कारण मेलेल्या जिवाणूंचा डीएनए अजून सापडत असतो. फवारणी केलेल्या बागेतल्या पानांचंही तसंच आहे. पॉझिटिव्ह आला तर माध्यमावर वाढवून बघा. आणि योग्य आकाराचा बँड म्हणजे योग्य तुकडा असंही नाही; नव्या प्रायमरचा पहिला बँड मी नेहमी कापून सिक्वेन्सिंगला पाठवतो.

रिपोर्ट लिहिताना

कॉलममधून गाळलेल्या त्या तीन नमुन्यांपैकी एकात पुढे बँड आला. उरलेल्या दोघांत मोजून घातलेला १०० प्रतींचा कंट्रोल चारही ट्यूबमध्ये दिसला, जिवाणूचा बँड एकाही ट्यूबमध्ये आला नाही. विद्यार्थिनीने आधीची ओळ एका रेघेने खोडली, शेजारी तारीख घातली आणि खाली लिहिलं: ‘नमुना क्र. ३ व ७: प्रत्येकी चार ट्यूब, दोन प्रायमर-जोड्या, अंतर्गत कंट्रोल पॉझिटिव्ह, दोन्ही कोऱ्या ट्यूब स्वच्छ. तपासलेल्या ८ मिलिग्रॅम पानात जिवाणूचा डीएनए आढळला नाही. महिन्याभराने नवीन पानं घेऊन पुन्हा तपासावे.’